टेबल सॉवर फळी अडकते, काप जळतो: दोष कोणत्या क्रमाने शोधावा

कमी किमतीच्या टेबल सॉबद्दल, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने फळी चिरणाऱ्या यंत्राबद्दल, एक तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. यंत्र नवे असताना फळी सहज चिरली जात होती. काही महिन्यांनी मात्र ती मध्येच अडकू लागली, कापलेली कड काळपट पडू लागली आणि मोटरचा आवाज दबू लागला. अशा वेळी बहुतेक जण मोटर कमजोर झाली असे समजतात किंवा नवे पाते आणतात. नवे पाते बसवल्यावर दोन-चार दिवस बरे जाते आणि मग सारे पूर्ववत होते. माझ्या स्वतःच्या यंत्रावर मी हा दोष चार वेळा दुरुस्त केला आहे, इतरांच्या यंत्रांवर त्याहून बऱ्याच अधिक वेळा, आणि त्यांपैकी फार थोड्या वेळा मोटर दोषी निघाली. बहुतेक वेळा पाते, फेन्स (म्हणजे फळी ज्याला टेकवून सरकवतात तो सरळ आडोसा) आणि पात्यामागची पट्टी या तिघांची एकमेकांशी असलेली सरळ रेष बिघडलेली होती.

लक्षणे

पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील, तर हे टिपण तुमच्या कामाचे आहे. रेषांच्या दिशेने फळी चिरताना सुरुवातीचा एक वीत भाग सुरळीत जातो आणि त्यानंतर जोर वाढवावा लागतो. कापलेल्या कडेवर तपकिरी किंवा काळे पट्टे उमटतात आणि करपलेल्या राळेचा वास येतो. फळीचे मागचे टोक टेबलावरून किंचित उचलले जाते. चिरलेल्या पट्टीची रुंदी एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी भरते. मोटरचा सूर उतरतो, कधी अतिभाराचे संरक्षक बटण उडते आणि यंत्र थांबते.

जळल्याचा डाग नेमका कोणत्या बाजूला आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाते आणि फेन्स यांच्यामधून गेलेल्या पट्टीची कड जळली असेल, तर फेन्सचे मागचे टोक पात्याकडे झुकलेले असण्याची शक्यता सर्वांत जास्त, कारण तिथे लाकूड पात्याच्या मागच्या भागावर दाबले जाते. उलट बाहेरच्या बाजूला सुटणाऱ्या तुकड्याची कड जळली असेल, तर फेन्स मागे गरजेपेक्षा जास्त उघडलेला आहे किंवा तो तुकडा स्वतःच आत वळून पात्याला चिकटतो आहे. दोन्ही कडा सारख्याच जळल्या असतील, तर आधी पाते आणि फळी पुढे सरकवण्याचा वेग यांच्याकडे पाहावे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा शोध वाचतो.

जळलेली कड रंध्याने साफ करता येते, म्हणून अनेक जण या दोषाकडे दुर्लक्ष करतात. ते धोक्याचे आहे. जे लाकूड पात्याच्या मागच्या दात्यांना घासते, तेच लाकूड ते दाते वर उचलून चालवणाऱ्याच्या दिशेने फेकू शकतात. यालाच किकबॅक म्हणतात. २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,८०० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला सुमारे ६४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २३० किलोमीटर होतो. जळकी कड ही त्या अपघाताची आगाऊ सूचना आहे, असे समजूनच पुढची तपासणी करावी.

तपासणीपूर्वी

प्रत्येक वेळी प्लग भिंतीतून काढावा. यंत्रावरचा स्विच बंद असणे पुरेसे नाही, कारण मोजमाप करताना कोपर किंवा गुडघा त्याला लागू शकतो. पात्याला हात लावायचा असेल तेव्हा जाड कापड वापरावे. यंत्र चालू असताना मात्र हातमोजे घालू नयेत, कारण दात्यात अडकलेला मोजा हात आत ओढतो. साधने फारशी लागत नाहीत. एक चांगला गुण्या, शक्यतो सरकत्या पट्टीचा, एक सरळ पट्टी, अॅलन की, पाना आणि छपाईच्या साध्या कागदाचे दोन-तीन तुकडे पुरतात. ८० जीएसएमचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो, आणि फीलर गेज नसेल तर फट मोजायला तो उत्तम चालतो.

१. लाकूड दोषी आहे का?

ही तपासणी फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते, तरी ती सहसा शेवटी केली जाते. एमडीएफचा किंवा चांगल्या प्लायवूडचा हातभर तुकडा घ्या आणि नेहमीच्याच पद्धतीने चिरा. या फळ्यांमध्ये सलग लाकडासारखा आतला ताण नसतो, त्यामुळे चिरल्यावर त्या मिटत नाहीत. एमडीएफ सहज आणि न जळता चिरले गेले आणि सलग लाकूड मात्र अडकले, तर यंत्र बहुधा निर्दोष आहे.

नीट न वाळवलेल्या किंवा घाईने वाळवलेल्या फळीत ताण साठलेला असतो. काप पुढे जातो तसा तो मोकळा होतो आणि कापाची दोन्ही अंगे एकमेकांकडे मिटतात किंवा फाकतात. खात्री करून घ्यायची असेल, तर फळी अर्धी चिरून तिथेच घट्ट धरून ठेवा, यंत्र बंद करा आणि पाते पूर्ण थांबल्यावर कापाची रुंदी सुरुवातीच्या टोकाशी मोजा. पात्याच्या कापापेक्षा ती कमी भरली, तर फळी मिटते आहे. अशी फळी आधी पाच-सहा मिलिमीटर जास्त रुंद चिरावी, एक-दोन दिवस ठेवावी आणि मग अंतिम मापावर आणावी. फेन्सला लागणारी कड सरळ नसेल किंवा फळीला पीळ असेल, तर ती टेबलावर डोलते आणि मध्येच अडकते. तशी फळी रंधून सरळ केल्याशिवाय टेबल सॉवर नेऊच नये.

चेरी आणि मेपल ही लाकडे थोड्याशा घर्षणानेही डागळतात. सागवानात सिलिका असल्यामुळे पात्याची धार लवकर जाते. पाइनची राळ पात्यावर थर धरते. त्यामुळे कोणते लाकूड चिरताना दोष दिसतो, याची नोंद ठेवलेली बरी.

२. सरकवण्याचा वेग आणि टेबलाचा पृष्ठभाग

जळेल या भीतीने फळी फार हळू सरकवली जाते आणि नेमकी त्यामुळेच ती जळते. दाता लाकूड कापण्याऐवजी त्याच जागी घासत राहतो. मोटरचा सूर किंचितच उतरेल अशा एकसारख्या वेगाने फळी जाऊ द्यावी, आणि हात बदलण्यासाठी मध्ये थांबू नये. कडेवर एकाच ठिकाणी आडवा काळा पट्टा असेल, तर तुम्ही तिथे थांबला होता, एवढाच त्याचा अर्थ.

स्वस्त यंत्रांचे टेबल बहुधा अॅल्युमिनियमचे असते, आणि त्यावर राळ व धूळ बसली की फळी झटके देत पुढे जाते. टेबल पुसून त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा आणि वाळल्यावर कापडाने चोळावा. सिलिकॉन असलेले पॉलिश वापरू नये, कारण ते लाकडाला लागले की पुढे रंग किंवा व्हार्निश नीट धरत नाही.

३. पाते: स्वच्छता, दिशा, दात्यांची संख्या, उंची

पाते काढून उजेडात पाहा. दात्यांच्या बाजूंवर तपकिरी कवच दिसले, तर धार शाबूत असूनही पाते बोथट असल्यासारखे वागते, कारण दात्याच्या बाजूला जी अगदी थोडी मोकळी जागा असते, ती त्या कवचाने भरून जाते. भांडी धुण्याच्या द्रवात कोमट पाणी घालून पाते पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, लगेच कोरडे करा आणि गंज चढू नये म्हणून तेलाचे बोट फिरवा. ओव्हन साफ करायची तीव्र रसायने मी टाळतो. पात्यावरचा लेप त्यांनी खराब होतो, आणि साबणाने काम भागत असताना त्यांची गरज पडत नाही.

पाते पुन्हा बसवताना वरच्या दात्यांची टोके तुमच्या दिशेने आहेत याची खात्री करा. उलटे बसवलेले पाते मी प्रत्यक्ष दोनदा पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा मालकाने मोटर बदलण्याची तयारी केली होती. पाते दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्यांच्या, म्हणजे फ्लॅन्जच्या, तोंडावर भुशाचा एक कण जरी राहिला, तरी पात्याच्या कडेला तो कित्येक पटींनी वाढलेला डगमग निर्माण करतो, म्हणून दोन्ही फ्लॅन्ज पुसल्याशिवाय नट आवळू नका.

उभे, म्हणजे रेषांच्या दिशेने, चिरण्यासाठी २५४ मिलिमीटरच्या पात्याला २४ ते ३० दाते पुरेसे असतात. दोन्ही कामांना चालणाऱ्या पात्याला ४० ते ५० दाते असतात. ६० ते ८० दात्यांचे पाते आडव्या कापासाठी असते. त्याने जाड फळी उभी चिरायला घेतली, तर दात्यांमधल्या खाचा लांब रेषांच्या भुशाने भरतात, भुसा बाहेर पडत नाही आणि सारे तापते. पाते फार खाली ठेवल्यानेही जळते, कारण मग एकेका दात्याला लाकडातून जास्त लांब घासत जावे लागते. दात्यांमधल्या खाचा फळीच्या वर नुकत्याच दिसतील एवढी उंची ठेवावी. त्याहून वर पाते काढल्यास हाताला विनाकारण धोका वाढतो.

४. पात्यामागची पट्टी, म्हणजे रायव्हिंग नाइफ

ही पट्टी कापाच्या दोन्ही अंगांना मिटू देत नाही, म्हणून ती काढून यंत्र चालवू नये. तिच्यामुळेच फळी अडकते आहे असे वाटले, तरी ती काढणे हा उपाय नाही. पट्टी पात्याच्या अंगापेक्षा, म्हणजे दाते सोडून उरलेल्या चकतीपेक्षा, जाड आणि दात्यांनी पडणाऱ्या कापापेक्षा पातळ असावी लागते. यंत्राबरोबर आलेले पाते झिजल्यावर अनेक जण पातळ कापाचे पाते आणतात, जे मोटरवर कमी भार टाकते. पण पट्टी जुनीच राहते. काप २.२ मिलिमीटरचा आणि पट्टी २.३ मिलिमीटरची असेल, तर फळी पाते ओलांडून पट्टीपाशी पोहोचताच पाचर मारल्यासारखी थांबते. पट्टीवर तिची जाडी बहुधा कोरलेली असते आणि पात्यावर कापाची रुंदी व अंगाची जाडी छापलेली असते. दोन्ही आकडे शेजारी लिहून पाहा. ‘एक वीत गेल्यावर अडकते’ या तक्रारीचे उत्तर मला याच दोन आकड्यांत अनेकदा सापडले आहे.

पट्टी पात्याच्या रेषेत आहे का, हे सरळ पट्टीने पाहता येते. सरळ पट्टी पात्याच्या दात्यांना एका बाजूने टेकवावी, मग दुसऱ्या बाजूने. मागची पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच फट ठेवत असेल, तर ती मध्यावर आहे. नसेल, तर तिच्या बुडाशी असलेले छोटे स्क्रू फिरवून ती सरकवता येते. वाकलेली पट्टी ठोकून सरळ करण्यात वेळ घालवू नका, त्या यंत्रासाठीची नवीच आणा.

५. फेन्स

कमी किमतीच्या यंत्रात पैसे सर्वांत आधी वाचवले जातात ते फेन्सवर, आणि म्हणून मला दोष सर्वाधिक वेळा इथेच सापडतो. फेन्स थेट पात्याशी न जुळवता टेबलावरच्या मायटर खोबणीशी, म्हणजे आडव्या कापाचा सरकता गज ज्यात चालतो त्या खाचेशी, जुळवून पाहावा. खोबण टेबलातच कोरलेली असल्यामुळे ती हलत नाही, तर पाते हलू शकते. फेन्स सरकवत आणून त्याची कड खोबणीच्या कडेशी बरोबर टेकवा, लॉक करा आणि बोटाचे टोक पुढे व मागे फिरवून पाहा. बोटाला कागदाएवढी पायरीसुद्धा जाणवते. मागच्या टोकाला फेन्स खोबणीच्या रेषेत किंवा पात्यापासून एक-दोन कागद, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर, दूर असला तर ठीक. पात्याकडे झुकलेला मुळीच चालणार नाही.

ही चाचणी एकदा करून भागत नाही. फेन्स उचलून परत ठेवा, लॉक करा, पुन्हा मोजा, असे पाच वेळा करा. पाचही वेळा सारखाच झुकाव आला, तर नुसते जुळवणीचे काम आहे. फेन्सच्या डोक्यावरचे दोन-तीन बोल्ट सैल करून तो सरळ करावा आणि बोल्ट आवळावेत. दर वेळी वेगळे माप आले, तर जुळवणी करून उपयोग नाही. आधी पुढचा रूळ साफ करा, त्याचे स्क्रू आवळा, लॉकच्या तोंडाशी साठलेला भुसा काढा, आणि लॉक करण्यापूर्वी फेन्स तुमच्याकडे ओढून रुळावर पूर्ण टेकवण्याची सवय लावा. दोन्ही टोकांना दातेरी पट्टीवर चालणारा फेन्स असेल, तर एका टोकाने दाता चुकवला आहे का, हेही पाहावे.

लॉक केल्यावर मागचे टोक अंगठ्याने बाजूला दाबा. ते सहज सरकत असेल, तर चिरताना लाकडाचा दाब त्याला सरकवणारच. लॉकचा ताण वाढवणारा नट बहुतेक फेन्सना असतो. तो पाव-पाव फेरा आवळत जावे. फेन्सचा अॅल्युमिनियमचा दांडा मध्येच फुगलेला असेल, तर त्यावर एमडीएफची सरळ पट्टी स्क्रूने बसवावी आणि फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना कागदाचे तुकडे घालून ती सरळ करावी. हा जुगाड वाटेल, पण चांगला सुतारही तो करतो.

इथवरची कामे एका सकाळी होतात. यातूनही काप जळत राहिला, तरच पुढे जा.

६. पाते खोबणीला समांतर आहे का?

पात्याच्या एका दात्यावर पेनाने खूण करा. गुण्याचा ठोकळा मायटर खोबणीच्या कडेला टेकवून पट्टी सरकवा आणि पुढच्या बाजूला ती त्या दात्याला नुसता स्पर्श करेल इतपत लॉक करा. आता पाते हाताने फिरवून तोच दाता मागच्या बाजूला आणा आणि गुण्या तिथे सरकवून पाहा. दाता तोच ठेवायचे कारण असे की पाते स्वतः थोडे वाकडे असले, तरी मापावर त्याचा परिणाम होत नाही. मागे एका कागदाएवढा फरक आला, तर तो सोडून द्यावा. दोन-तीन कागदांचा फरक दुरुस्त करायलाच हवा.

पाते धरणारी चौकट टेबलाखाली बहुधा चार बोल्टांवर टांगलेली असते. तीन बोल्ट सैल करावेत, चौथा किंचित घट्ट ठेवावा आणि लाकडी ठोकळा मध्ये धरून चौकटीला हलक्या हातोडीने टिचकी मारावी. बोल्ट आवळताना चौकट पुन्हा थोडी सरकते, म्हणून आवळून झाल्यावर मोजल्याशिवाय काम झाले असे मानू नका. मला पहिल्या वेळी यात दोन तास गेले होते. यानंतर फेन्स आणि मागची पट्टी दोन्ही पुन्हा तपासावी लागतात.

७. वीज आणि मोटर

मोटरला वीज नीट पोहोचते का, हे सर्वांत सोप्या जागेपासून पाहावे. लांब आणि बारीक तारेच्या एक्स्टेंशनमधून चालवलेले १,५०० ते १,८०० वॅटचे यंत्र दाबाखाली सूर सोडते. यंत्र थेट भिंतीच्या सॉकेटला लावून तोच काप घ्या. फरक पडला, तर जाड तारेचे आणि गरजेपुरतेच लांब एक्स्टेंशन घ्या. गुंडाळलेले एक्स्टेंशन पूर्ण उलगडूनच वापरावे, कारण गुंडाळीत तार तापते. मोटरच्या जाळीतला भुसा ब्रशने काढावा. बाहेरून टोप्या असलेल्या मोटरचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळे, स्क्रूड्रायव्हरने काढून पाहता येतात. झिजेची खूण आली असेल, तर दोन्ही एकदमच बदलावेत.

थांबावे कुठे

प्लग काढलेला असताना कापडाने पाते धरून ते बाजूला हलवा. आर्बरमध्ये, म्हणजे पाते ज्यावर बसते त्या दांड्यात, खुळखुळ जाणवली, किंवा हाताने फिरवताना वाळू दळल्यासारखी खरखर आली, तर बेअरिंग गेले आहे. ते घरी ठोकून काढू नये, कारण त्यात आर्बर वाकण्याचा धोका असतो. एक पाते डगमगते आणि दुसरे, सरळ असल्याची खात्री असलेले पातेही तितकेच डगमगते, तर फ्लॅन्ज किंवा आर्बर वाकडा आहे आणि तेही काम दुरुस्तीवाल्याचेच. फक्त पहिलेच डगमगत असेल, तर पाते वाकले आहे. ते सरळ करण्याचा प्रयत्न करू नका. कार्बाइडचा एखादा दाता उडालेला असेल, तर ते पाते वापरू नका. ते धार लावणाऱ्याला दाखवावे किंवा टाकून द्यावे.

नवे कार्बन घालूनही मोटरमध्ये गोल फिरणारी मोठी ठिणगी दिसणे, जळक्या व्हार्निशचा वास, अंगाला झिणझिणी, वारंवार पडणारा ब्रेकर, बंद करूनही चालू राहणारा स्विच किंवा पाते धरणाऱ्या चौकटीला गेलेला तडा, यांपैकी एकही गोष्ट आढळली तर यंत्र पुन्हा चालू करून पाहू नका आणि जाणकार तंत्रज्ञाला बोलवा. त्याला जळल्याचा डाग कोणत्या बाजूला येतो, एमडीएफवर काय झाले, पाते आणि पट्टीच्या जाडीचे आकडे काय आहेत आणि पुढे-मागे किती कागदांचा फरक निघाला, हे सांगा. जळालेली लाकडाची पट्टीही त्याला दाखवायला जपून ठेवा.